पंचाची दुरुस्ती

आमच्या केजच्या कॉलेजात खेळ शिकवणारे एक सर होते. कॅरमची सोंगटी कुणी बोटानं जरा सरकवली तरी ते डाव थांबवायचे आणि पंधरा मिनिटं नियम समजावायचे. मला त्यांचा कंटाळा यायचा.

एका दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं खेळाचा इतिहास आणि नीती यांवरच्या विद्यार्थी-संशोधनाला पुरस्कार ठेवला. ऊस नव्हता, गाळप बंद होतं. नीती तेवढी शिल्लक होती. परीक्षक सर आणि तिथंच इतिहास शिकवणारा मी.

एका मुलीनं म्हाताऱ्या पैलवानांना भेटून जत्रेतल्या कुस्त्यांवर लिहिलं होतं. एका कुस्तीत कारखान्याच्या चेअरमनच्या भावाची पाठ टेकली, तरी पंचानं त्यालाच विजयी केलं. तो पंच म्हणजे आमचे सर. मुलीनं आदरानं लिहिलं होतं, 'धुळीमुळे पंचांना नीट दिसले नसावे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. मग समासात लिहिलं, 'पंचाला स्वच्छ दिसले होते. चेअरमनने पंचाच्या तहानलेल्या गावाला टँकर कबूल केला होता.' खाली सही केली आणि पहिला नंबर दिला.

"सर, चेअरमन वाचतील हे," मी म्हणालो.

"वाचू द्या की. पोरीनं लई मेहनत केली हाय. एक वाक्य तेवढं चुकलं होतं."

समारंभात चेअरमननी न वाचताच निबंधाची तोंडभरून स्तुती केली आणि तो कारखान्याच्या अहवालात जसाच्या तसा छापायला सांगितला. छापणाऱ्यानंही समासासकट छापला.

अहवाल घरोघर गेला तेव्हा सर मला म्हणाले, "बरं झालं. मला तोंडानं सांगणं जमलं नसतं."