चव्वेचाळीस नंबरचं हेल्मेट

आमचा व्हर्लन तसा भित्राच. लहानपणी खुराड्यात हात घालायला घाबरायचा, अंडी मीच काढायचे. पण परवा त्याला पुरून आलो, चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बसलो, तिथंसुद्धा एक जण तोंडात घास असताना बोललाच, "ह्यानंच त्र्याऐंशी साली आपली कॉन्फरन्स घालवली." म्हणून सांगते. त्या दिवशी गाडीत मी होते.

एकतीस वर्षं माझा भाऊ कॉलेजच्या फुटबॉल टीमचं सामान सांभाळायचा. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे बॉल हातात धरून पळायचं नि एकमेकांना धडका मारायच्या. कपडे धुणं, बुटांचे खिळे बदलणं, सगळंच, पण खरं काम हेल्मेटचं. ऑगस्टात पोरं आली की एकेकाला स्टुलावर बसवायचा, हेल्मेट चढवायचा आणि छोट्या पंपानं आतल्या गाद्यांत हवा भरायचा. मग दोन्ही हातांनी धरून हलवायचा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं हललं की झालं वाटोळं. पोरं म्हणायची, "काका, डोक्यात काय आहे तेपण सांगा की." हा म्हणायचा, "काही नाहीये रे, म्हणून तर हवा भरतोय."

पण त्याची भीती. ती ओडेलपासूनची. चौऱ्याहत्तर साली ओडेल नावाचा पोरगा मॅचच्या दोन दिवस आधी आला आणि म्हणाला, "काका, आवळतंय, थोडी हवा काढा." व्हर्लननं काढली. डोकं काय आठवड्यात वाढतं का? दुखत होतं त्याचं, आधीच्या मॅचमध्ये आपटलं होतं, आणि ते लपवत होता पोरगा. शनिवारी साधाच धक्का लागला नि पडला तो उठलाच नाही. रविवारी गेला. हवा काढलेली कुणालाच माहीत नव्हती. व्हर्लननं एकट्या मला सांगितलं, तेपण शेंगा सोलता सोलता, माझ्याकडं न बघता.

आता त्र्याऐंशी. आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गटात, आठ कॉलेजं, प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे सात मॅच. आपण सहाच्या सहा जिंकलो. आमच्या पाइन फोर्क गावात असं कधी झालंच नव्हतं. न्हाव्यानं खिडकी टीमच्या लाल रंगानं रंगवली, पाद्री मॅचच्या गप्पा मारायला म्हणून प्रवचन लवकर आटपायला लागला. सातवी मॅच घरच्या मैदानावर, जिंकली की कॉन्फरन्स आपली.

त्या आठवड्यात बुधवारी रॉस्को आला. चव्वेचाळीस नंबर. समोरून बॉल घेऊन येणाऱ्याला आडवा करायचा तर ह्यानंच. हे एवढं डोकं, कारखान्यातून वेगळं हेल्मेट मागवावं लागलं होतं, दुसरं कुठलं कानाखाली उतरायचंच नाही. दारात उभा राहून म्हणाला, "व्हर्लनकाका, थोडी हवा काढा ना. आवळतंय."

व्हर्लनच्या हातातला पंप खालीच पडला.

"दुखतंय का रे?"

"छे हो."

"माझ्याकडं बघ. उलटी झाली का?"

"काका, तुम्ही माझी आई आहात का?" हसला, पण दिव्याकडं बघताना डोळे बारीक केले त्यानं. "एकच मॅच राहिलीय. कुणाला बोलू नका हं."

व्हर्लननं हवा काढली नाही आणि तडक कोच हॅगर्टीकडं गेला. तिथलं बोलणं त्यानंच सांगितलं मला.

कोच म्हणाला, "डॉक्टरनं बघितलंय. ठीक आहे असं पोरगाच म्हणतो."

"पोरगा तर म्हणणारच, साहेब."

"व्हर्लन, तू डॉक्टर कधी झालास? जा, टॉवेलच्या घड्या घाल."

गेला बिचारा. घड्या घातल्या. गुरुवारी जेवला नाही, शुक्रवारी मक्याची भाकरी नुसती चिवडत बसला. मी म्हटलं, "अरे, नसेलही काही." तर म्हणाला, "ओलेटा, तोच शब्द बोलला तो. आवळतंय." तेवढंच.

शनिवारी दुपारी मी मैदानामागं गाडी लावून रेडिओवर मॅच ऐकत होते. गर्दी मला सोसत नाही. मैदानावरचं मला नंतर कळलं. व्हर्लन बाकाशेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा, आणि सगळं मैदान बॉलकडं बघत असताना हा एकट्या चव्वेचाळीसकडं बघत होता. प्रत्येक टक्कर झाली की ह्याचे दात आवळायचे. पोरगा उठला की श्वास सोडायचा, परत पुढच्या टकरीला धरायचा. हाफटाइमच्या जरा आधी रॉस्को पडला, उठला आणि बाहेर यायला निघाला तो समोरच्या टीमच्या बाकाकडं. सगळे हसले. रेडिओवाला पण हसला. व्हर्लन तेवढा हसला नाही.

हाफटाइमला आत खोलीत कोच फळ्यावर रेघा मारत होता. रॉस्कोनं हेल्मेट पायाशी ठेवलं होतं नि भिंतीला टेकून बसला होता. व्हर्लन बाटल्या गोळा करतोय असं दाखवत गेला, हेल्मेट जाकिटात घातलं आणि मागच्या दारानं बाहेर. हेल्मेटशिवाय पंच कुणाला मैदानात पाऊल टाकू देत नाहीत.

आला तो माझ्या गाडीत बसला आणि आतून दारं लॉक केली. ओठ पांढरे. "चालू कर," म्हणाला. मी म्हटलं, "कुठं जायचंय?" तर म्हणे, "माहीत नाही." तेवढ्यात रॉस्को धावत आला. मागं कोचचा आवाज, "व्हर्लन! नोकरी गेली तुझी!" नि कोच परत मैदानाकडं पळाला, मॅच सुरू होत होती ना.

पोरगा काचेवर बुक्क्या मारत होता. "हेल्मेट द्या, काका! माझी आई आलीय बघायला! द्या ना हो!" रडत होता. काच फुटते की काय असं मला वाटलं. व्हर्लननं हेल्मेट पोटाशी धरलेलं, डोळे गच्च मिटलेले, आणि नुसतं "नाही, नाही, नाही" करत होता.

मग बुक्क्या थांबल्या. रॉस्को वाकला, दारावरच ओकला आणि म्हणाला, "काका, आज कुणाबरोबर मॅच आहे?"

व्हर्लननं दार उघडलं. दोघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर घातला. अख्ख्या रस्त्यात व्हर्लन त्याच्याशी बोलत राहिला, "झोपू नको रे राजा, शिव्या दे मला, पण झोपू नको." गाडी मी चालवली, लाल सिग्नल तोडले, दोन.

डोक्यात रक्त साचलं होतं. त्या रात्रीच उघडावं लागलं. दवाखान्यातल्या रेडिओवर कळलं, तीन पॉइंटनी हरलो. कॉन्फरन्स गेली. व्हर्लननं मान वरसुद्धा केली नाही, हेल्मेट मांडीवर घेऊन नर्सच्या पायांकडं बघत होता, चालीवरून बातमी बरी की वाईट ते कळतं का म्हणून.

पोरगा वाचला. परत खेळला नाही. वर्षभर व्हर्लनशी बोलला पण नाही, आणि व्हर्लनची नोकरी गेली ती गेलीच. मग एका शनिवारी, मॅचच्या दिवशी, संध्याकाळी फोन आला, "काका, डोकं जागेवर आहे." बस, एवढंच. तेव्हापासून सीझनच्या दर शनिवारी. फोन येईपर्यंत व्हर्लन अंगणात येरझारा घालायचा, इतकी वर्षं झाली तरी. मी हसायचे त्याला.

काल शनिवार होता. रॉस्को परवा पुरायला आला होता, खांदा दिला होता त्यानं, त्याला माहीत आहे व्हर्लन गेला ते. तरी सहाला फोन वाजला. मी उचलायला घाबरले. मग उचलला.

"ओलेटामावशी," म्हणाला, "डोकं जागेवर आहे."

मी म्हटलं, "बरं बाळा. सांगते त्याला."