कानातल्यांच्या आधी आलेला फोन

जिथं लग्नाचं बोलणं चाललं होतं, त्या मॉस्कोत बांधकामावर असलेल्या एर्निसनं नवाकोरा फोन पाठवला, तेव्हा बेगिमाय हरखूनच गेली. "सगळी ॲप्स घालून दिलीत, तू कशाला हात लावू नकोस," असं बजावलंही होतं त्यानं. आणि हिनं ऐकलं! भोळी कुठली!

रोज मार्शुत्कानं, म्हणजे छोट्या प्रवासी व्हॅननं, ती तोकमोकहून कांत गावच्या शिवणकारखान्यात यायची. हळूहळू एर्निसला तिचं सगळंच कळायला लागलं. "बाजारात कशाला गेलीस?" मग एकदा, "माझ्या आईला कंजूष म्हणतेस?"

हे बेगिमायनं फक्त झूराला लिहिलं होतं. शेजारच्या मशीनवरची झूरा, शाळेपासूनची मैत्रीण! म्हणजे चुगल्या हीच लावते? तिनं बोलणं टाकलं. डबाही तिच्याकडे पाठ करून खायला लागली.

"अगं, माझं काय चुकलं?" झूरानं विचारलं.

"तुलाच ठाऊक."

"डोकं फिरलंय तुझं!" झूरा रडवेली झाली. बेगिमायला त्या रडण्याचाही संशय आला.

रविवारी एर्निसची आई येऊन तिच्या कानात कानातली घालणार होती. ती घातली की लग्न पक्कं. आणि शुक्रवारी फोन मार्शुत्कातच राहिला, थेट बिश्केकला गेला. संध्याकाळी ड्रायव्हरनं आणून दिला, तर त्यावर एर्निसच्या संदेशांची रांग. "बिश्केकला कोणाकडे गेलीस? कोण आहे तो? फोन उचल!"

अहो, दिवसभर ती झूराच्या शेजारीच तर बसली होती! चुगली झूराची असती, तर त्याला हे विचारावंच लागलं नसतं. बिश्केकला गेला होता तो फक्त फोन. बेगिमायनं हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तिला शिसारी आली. तशीच धावत ती झूराच्या घरी गेली.

"मार मला," ती म्हणाली.

"मारीन नंतर. आधी आत ये," झूरा म्हणाली.

रविवारी सासू होऊ घातलेली बाई कानातल्यांची डबी उघडून पुढे सरकली. बेगिमायनं कान झाकले. "नको, आई. हा तुमच्या मुलाचा फोन. तेवढा घेऊन जा."

बेगिमायची आई संतापली, पाहुण्या पुटपुटत उठल्या. फोन पर्समध्ये गेला.

एर्निसची आई घरी पोचते न पोचते, तोच पर्स वाजली. फोनवर एर्निसचा संदेश होता. "आमच्या घरी गेलीस ना? आता कशी शहाण्यासारखी वागलीस!" म्हातारीनं ते दोनदा वाचलं.

बेगिमाय तेव्हा झूराबरोबर लाग्मानच्या शेवया खात होती. कुठे, ते त्या दोघींनाच ठाऊक.