धर्मा नाखव्याची वाचा

मी कोलशेतला पोचलो तेव्हा धर्मा नाखवा चटईवर पडला होता आणि त्याची बायको हिराबाय चमच्याने त्याच्या तोंडात पाणी घालत होती. आधी मी तिचा हात धरला. अर्धं अंग गेलेल्या माणसाला नीट गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं, न्यूमोनिया होतो आणि पहिल्या झटक्यातून वाचलेला माणूस त्या न्यूमोनियाने जातो.

पन्नासच्या दशकाची मधली वर्षं. टेंभी नाक्याजवळ माझा दवाखाना होता आणि लांबच्या व्हिजिट सायकलवर.

धर्मा पन्नाशीचा, खाडीत होडी घालणारा. सकाळी जाळं ओढताना कोसळला. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. ब्लडप्रेशर दोनशेच्या वर. गावात म्हणत होते, अंगावरून वारं गेलं. यात वारं कुठलंच नसतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते आणि तेवढा भाग बंद पडतो. फुटली की तुंबली, हे तेव्हा आम्ही फक्त अंदाजाने सांगायचो.

धर्माचा भाऊ कबूतर घेऊन आला होता. त्याचं गरम रक्त अंगाला चोळायचं, असा समज. मी म्हटलं, रक्ताचा उपयोग नाही, पण दारात जमलेल्या माणसांचा आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. भावाने शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. कबूतर कुणीतरी सोडून दिलं.

दोन दिवसांनी तो दाट पेज गिळायला लागला. आठवड्याने मी घरच्यांना त्याचे लुळे सांधे हळूहळू हलवायला शिकवलं. पाठीला एकही फोड आला नाही. पण हिराबाय खचली होती. काहीही विचारलं की धर्मा एकच शब्द म्हणायचा, "होरी." होडी. भूक लागली तरी होरी, दुखलं तरी होरी.

"डाक्तर, यो येरा झाला का?" तिने मला बाजूला घेऊन विचारलं.

वेड लागलेलं नव्हतं. त्याला सगळं कळत होतं. शब्द सापडत नव्हते. मी तिला सांगितलं, त्याच्याशी नेहमीसारखं बोल, घाई करू नकोस, त्याच्यासमोर रडू नकोस. तिसरं तिला जमलं नाही.

वाट तिलाच सापडली. वाळलेले बोंबील मोजताना ती चारवर अडखळली आणि मागून धर्मा म्हणाला, "पाच." मग सहा, सात, थेट वीसपर्यंत. पाठ असलेलं बोलणं अशा आजारात कधीकधी शिल्लक राहतं. त्या दिवसापासून ती रोज त्याच्याबरोबर आकडे, वार, मुलांची नावं म्हणू लागली.

चार महिन्यांनी तो काठी टेकत हिराबायबरोबर माझ्या दवाखान्यात आला. हात कामाचा राहिला नव्हता. होडी भावाकडे गेली होती. मी प्रेशर पाहिलं, मीठ आणि सुकी मासळी बंद ठेवायला बजावलं, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. तो उठला नाही. शब्द जुळवत होता.

"आदी आलेलो," तो म्हणाला. डाव्या हाताने उजवा उचलून दाखवला. "हात गेलेला. परत आला. तुमी बोलले, काय नाय."

मला आठवेना. मग आठवलं. कोसळण्याच्या महिनाभर आधी बाजाराच्या दिवशी तो एकटाच आला होता. हात दहा मिनिटं मेल्यासारखा झाला आणि आपोआप बरा झाला, म्हणाला होता. बाहेर गर्दी होती. मी अशक्तपणाचं टॉनिक दिलं होतं. प्रेशर पाहिलं नव्हतं.

हिराबायला हे माहीत नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "हो. माझं चुकलं."

धर्माने मान हलवली आणि काठी घेतली. पुढेही तो माझ्याकडेच येत राहिला.

प्रेशर तेव्हाच पाहिलं असतं तर झटका टळला असता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मात्र त्यानंतर हात, पाय किंवा बोलणं पाच मिनिटं जाऊन परत आलंय असं ज्याने सांगितलं, त्याला मी आधी टेबलावर घेऊन प्रेशर पाहिलं. टॉनिकची बाटली मागच्या फळीवर गेली.