मंजुषाताईंचा मार्च महिना

मंजुषा आहेर यांना एका जागी बसवत नाही, हे 'गोदातरंग'मध्ये सगळ्यांनाच ठाऊक. नाशिकमधलं हे छोटं लोकरेडिओ केंद्र एक संस्था चालवते. शहर आणि भोवतालची थोडी गावं, एवढीच त्याची पोच. मंजुषाताई पंधरा वर्षांपासून तिथे सकाळी अकराचा बायकांचा कार्यक्रम करतात. माइकसमोर त्या उभ्यानेच बोलतात. बसल्या की पाय हलतो, आणि खुर्चीची कुरकुर घराघरांत ऐकू जाते.

दर मार्चमध्ये स्त्रियांच्या इतिहासाची मालिका असायची. आठ भाग, आठ थोर स्त्रिया. संहिता सहा वर्षांपूर्वीची. तारीख बदलायची आणि वाचायची. या वर्षी दुसऱ्या भागानंतर श्रोत्यांचे फोन घ्यायला त्यांनी लाइन उघडली, आणि अंबडहून एका मुलीचा फोन आला.

"ताई, मी वैष्णवी बोलतेय. तुम्ही सांगता त्या बायका मोठ्याच आहेत. पण त्या दरवर्षी येतात. माझ्या आजेसासूबाईंनी कळवणकडच्या चौदा गावांचे हातपंप दुरुस्त केले. बाई असून. त्यांचं नाव कुठेच नाही."

मंजुषाताई काही विचारणार तोच लाइन तुटली. त्यांनी पुढचा फोन घेतला, कुणीतरी पापडांबद्दल बोलत होतं, आणि यांचं लक्षच नव्हतं. कार्यक्रम संपताच त्यांनी नंबर शोधून वैष्णवीला फोन लावला. ती रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला जेवायला वाढत होती. "आजी गावीच असतात," ती म्हणाली. "पण त्या बोलणार नाहीत हां. आम्हालाही फारसं सांगत नाहीत."

रविवारी सकाळी मंजुषाताई कळवणच्या एसटीत होत्या. दर दहा मिनिटांनी पर्स उघडून रेकॉर्डर आहे ना ते बघत होत्या. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "काय हरवलंय का तुमचं?"

कळवणहून जीपने पुढे गाव. कुसाबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. वय एकाहत्तर, अंगाने बारीक, मनगटं मात्र जाड. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि रेकॉर्डर बघून मान हलवली.

"मी काय केलं? पंप बिघडला, दुरुस्त केला. लोक पाणी प्याले. झालं."

"मावशी, तेच सांगा ना."

"सांगितलं की."

तासभर असंच चाललं. मंजुषाताईंना बसवेना. त्या अंगणात आल्या, पुन्हा आत गेल्या, आणि एकदम म्हणाल्या, "मला पंप तरी दाखवा एखादा."

शाळेमागे एक हातपंप होता. गावात नळ आल्यापासून बंद. कुसाबाईंनी त्याचा दांडा धरला, दोनदा वरखाली केला, कान लावला आणि म्हणाल्या, "वायसर गेलंय." मग त्या थांबल्याच नाहीत.

चौऱ्याऐंशी साली पंचायत समितीने दहा बायकांना पंपदुरुस्ती शिकवली. आठ जणी पहिल्याच महिन्यात घरी बसल्या, कारण घरचे नको म्हणाले. नववी लग्न होऊन गेली. उरल्या कुसाबाई. त्यांचे पती सावळीराम पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी पान्यांची पिशवी सायकलला अडकवून म्हणाले, "चल, लय लांब हाय ते गाव."

"पाइप वर काढायला चार माणसं लागायची," कुसाबाई सांगत होत्या. "गडी हात लावायचे नाय. बाईच्या हाताखाली कोण काम करंल? मंग मी बायाच गोळा करायची."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. एप्रिलचा महिना, एका गावातला एकुलता एक पंप. त्यांनी तो उघडून ठेवला होता, सगळे सुटे भाग पोत्यावर मांडलेले. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तू आज बाजूला तर नाय ना बसलेली?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"खरं तेच. म्हनलं, आज दुसरा दिवस हाय." कुसाबाईंनी दांडा सोडला. "समदे गप. म्हनलं, पंप उघडा पडलाय. जोडू का तसाच टाकून जाऊ, तुमी सांगा. कोणी बोलंना. मी पोत्यावर बसले. दोन तास बसले. ऊन असं. हे सायकल घेऊन झाडाखाली उभे, ते बी गप. मनात म्हनायची, उठून पळून जावं. पण उठले नाय."

दोन तासांनी रंगूबाई नावाची एक बाई कडेवरचं पोर खाली ठेवून पुढे आली आणि पाइपला हात घातला. मग दुसरी आली, मग तिसरी. दिवस मावळायच्या आत पाणी आलं. पहिला हंडा त्या म्हाताऱ्याच्या घरी गेला. त्यानंतर चौदा गावांत कुसाबाईंना तो प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांनी पुढची एकोणीस वर्षं काम केलं.

परतीच्या एसटीत मंजुषाताईंनी रेकॉर्डर कानाला लावून ते सगळं तीनदा ऐकलं. त्यांच्या घरात, नाशिकच्या पक्क्या फ्लॅटमध्येही, सासूबाई होत्या तोवर त्या चार दिवस देवघराकडे फिरकत नसत. कधी विचारलं नव्हतं, कधी नाही म्हटलं नव्हतं.

केंद्रप्रमुख धवल सर वयाने लहान, स्वभावाने चांगले. त्यांनी पूर्ण ऐकलं. "फार छान आहे, ताई. फक्त ते बाजूला बसण्याचं काढू या. अकराला घरात सगळे ऐकतात. संस्थेकडे तक्रार गेली की उत्तर मलाच द्यावं लागतं."

मंजुषाताईंनी काढून पाहिलं. कापल्यावर गोष्ट अशी उरली: एका जिद्दी बाईने अनेक अडचणींवर मात करून हातपंप दुरुस्त केले. त्यांनी ते ऐकलं आणि हेडफोन टेबलावर टाकला. जिन्यावरून खाली गेल्या, टपरीवर चहा घेतला, न पिताच वर आल्या. दोन दिवस त्यांचं हेच चाललं. भाजीत मीठ दोनदा पडलं. शेवटी त्यांनी कुसाबाईंना फोन लावला.

"मावशी, त्या म्हाताऱ्याचं विचारणं आम्ही काढलं तर चालेल का?"

"काढ की. पण मंग समदंच काढ. पंप काय, कोणी बी जोडतं."

मंजुषाताई तडक धवल सरांच्या खोलीत गेल्या. "सर, लावायचं तर पूर्ण. नाहीतर त्या दिवशी मी जुनी संहिता वाचणार नाही. दुसरं कुणी बघा." आपलं काम हंगामी आहे, सहीच्या एका कागदावर टिकलेलं आहे, हे त्यांना माहीत होतं.

धवल सरांनी कार्यक्रमांचं वेळापत्रक पुढे ओढलं. "अकराला नाही," ते म्हणाले. "दुपारी तीनला. पूर्ण."

तीनला कोण ऐकतं, असं मंजुषाताईंच्या तोंडावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

भाग लागला तेव्हा त्या स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होत्या. पहिला फोन एका गृहस्थांचा. "हे काय लावलंय? घरात मुलीबाळी आहेत." धवल सरांनी तो स्वतः घेतला, आणि शांतपणे म्हणाले, "त्यांच्यासाठीच लावलंय, काका." मंजुषाताई जागीच थांबल्या. मग फोन येत राहिले. कुणाची आई पहिली एसटी कंडक्टर, कुणाची आत्या सुईण, कुणाची आजी गावातली दारूची भट्टी फोडणारी. संध्याकाळपर्यंत अकरा नावं जमली.

कळवणला 'गोदातरंग' लागत नाही. वैष्णवीने अंबडला रेडिओसमोर मोबाइल धरून भाग उतरवला आणि पाडव्याला गावी जाऊन ऐकवला. कुसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकला. नंतर मंजुषाताईंना त्यांचा फोन आला.

"माझा आवाज इतका चिरका हाय व्हय?"

"नाही हो मावशी, मोबाइलमुळे तसा येतो."

"बरं. ह्यांचं नाव घेतलं तू, ते बेस केलं. आमची सून म्हनली, आत्याबाय, तुमी कधी बोलल्या नाय. म्हनलं, तू कधी इचारलंस?"

मार्च संपला. मालिका संपायला हवी होती, पण ती अकरा नावं मंजुषाताईंना झोपू देईनात. त्यातल्या बहुतेक जणी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सिन्नरच्या एका बाईंसाठी रविवार ठरवला. गावात पहिल्यांदा मुलींची रात्रशाळा काढणारी बाई. त्या रविवारी मंजुषाताईंच्याच नात्यात लग्न निघालं, म्हणून पुढच्या रविवारी गेल्या. दार उघडलं सुनेने. बाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते.

सुनेने आत बोलावलं. "त्या शाळेबद्दल काही सांगायच्या का?" मंजुषाताईंनी विचारलं. "असेल काहीतरी," सून म्हणाली, "आम्ही आपले कामात." शाळेतल्या एका मुलीचं नाव तेवढं तिला आठवत होतं, आडनाव नव्हतं.

सोमवारी मंजुषाताई धवल सरांपुढे उभ्या राहिल्या. खुर्ची समोर होती, बसल्या नाहीत. "सर, मला पुढच्या मार्चपर्यंत थांबता येणार नाही. दर आठवड्याला एक भाग द्या."

"महिन्यातून दोन," धवल सर म्हणाले. "दुपारी तीनलाच."

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि दारातूनच फोन लावत बाहेर पडल्या. यादीतल्या दुसऱ्या बाई पेठकडे राहत होत्या, एकोणनव्वद वर्षांच्या. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावला.