छपरावरून गेलेली तार

१९९३ साली मन्मथप्पांनी केजच्या बाजारपेठेतल्या आपल्या रेडिओ-पंख्यांच्या दुकानावर मोठी तबकडी बसवली आणि गावात केबल टीव्ही आला. तबकडीचे तोंड आकाशात नेमके कोणीकडे करायचे, हे शोधून काढणारा माणूस शफी होता. त्याचे वडील फळांचा गाडा लावत. शफी दहावीनंतर मन्मथप्पांकडे पंख्यांचे वाइंडिंग शिकायला म्हणून आला होता आणि आता शिडी घेऊन गावभर तारा ओढत फिरू लागला.

तार एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत न्यायची तर ती मधल्या कोणाच्या तरी माळवदावरून, म्हणजे सपाट छपरावरून, न्यावी लागे. खांब नव्हते, आणि अशा बाबतीत कायदा काय म्हणतो हे तहसीलमध्येही कोणाला सांगता आले नाही. म्हणून मन्मथप्पांनी आपला नियम केला : ज्याच्या माळवदावरून तार जाईल त्याच्या घरी चित्र दिसले पाहिजे, त्याने मागितले नसले तरी आणि तो वर्गणी देत नसला तरी. “त्याच्या डोईवरून न्यायची आन् त्यालाच दावायचं न्हाई, ह्ये बसत न्हाई,” असे ते म्हणत. नियमात व्यवहारही होता. ज्याला चित्र दिसते तो तार कापत नाही. दुसरा नियम तार काढण्याचा. शिडी लावण्यापूर्वी घरात जायचे, बसायचे आणि थोरल्या माणसाला तोंडाने सांगायचे. शफीने सहा वर्षे हे दोन्ही पाळले. हे कोणी केलेले नियम आहेत याचा त्याला विसर पडला होता. तार अशीच ओढतात, एवढेच तो जाणत होता.

१९९९च्या सप्टेंबरात तो टांझानियाला गेला. परदेशी मालकीची एक कंपनी आफ्रिकेतल्या देशांत डिजिटल टीव्ही नेत होती आणि तिला तबकड्या बसवणारी माणसे हवी होती. मुंबईत एजंटने घेतलेल्या परीक्षेत शफीने मोजयंत्र न वापरता केवळ टीव्हीच्या पडद्याकडे पाहून तबकडी जुळवली. करार तीन वर्षांचा होता. साध्या तंत्रज्ञाला कुटुंब नेता येत नव्हते. वरिष्ठ तंत्रज्ञाला येत होते. त्याच्या बायकोने, सईदाने, हे कलम दोनदा वाचून घेतले आणि तो निघाल्याच्या आठवड्यात स्वतःच्या व चार वर्षांच्या मुलीच्या, शाईस्ताच्या, पासपोर्टाचे अर्ज केले. पहिल्या दोन खेपांना ते परत आले. तिसऱ्या खेपेला पासपोर्ट आले. तिने ते ट्रंकेत ठेवले. पुढचे काम शफीचे होते.

त्याची नेमणूक मोरोगोरो नावाच्या गावी झाली. कंपनीची पद्धत सरळ होती. एक घर, एक तबकडी, एक पेटी आणि पेटीत घालायचे एक कार्ड. दर महिन्याला नव्या कार्डांची संख्या मुख्य कचेरीत जाई, आणि तिथल्या भिंतीवरच्या नकाशात तेवढ्या टाचण्या वाढत. कंपनीची वाढ म्हणजे या टाचण्या.

२००१च्या जानेवारीत एका शिक्षकाने कार्ड घेतले. त्याच्या घरावर आंब्याचे मोठे झाड झुकलेले होते आणि झाडाआड उपग्रह सापडत नव्हता. शफीने तबकडी गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागी बसवली आणि तार सात पत्र्यांच्या छपरांवरून शिक्षकाच्या घरी आणली. मग पेटीतून उलट दिशेने दुसरी तार नेऊन त्या सातही घरांना एकेक फाटा दिला. कोणी मागितला नव्हता. शिक्षक जे लावील तेच साऱ्या गल्लीला दिसे, आणि शिक्षकाला बातम्या आवडत. आठवड्याच्या फॉर्मात शफीने लिहिले : नवी जोडणी एक, पाहणारी घरे आठ. पाहणाऱ्या घरांचा रकाना फॉर्मात नव्हता. तो त्याने पट्टीने आखून घेतला होता.

फॉर्म वाचला जायला तीन महिने लागले. मग विभागप्रमुख स्वतः आला. तो मालकांच्या देशातला होता. शफीचे आणि त्याचे इंग्रजी वेगवेगळ्या ठिकाणी तोकडे पडत असल्यामुळे बोलणे लांबले.

“हे तुला कोणी सांगितले?”

“कोणी नाही. तार त्यांच्या छपरावरून जाते.”

“मग?”

 शफीला तो प्रश्न वाटला नव्हता.

तीन दिवसांत सात फाटे काढण्याचा हुकूम झाला. शफीने ते काढले, पण शिडी लावण्यापूर्वी तो प्रत्येक घरात गेला, बसला आणि चूक आपली आहे असे सांगितले. पाच घरांनी त्याला तिथेच विचारले की स्वतःचे कार्ड कसे मिळते. सहाव्या घराने काही विचारले नाही. सातव्या घरी बी झैनाबू नावाची निवृत्त परिचारिका राहत होती. बी हा तिकडे थोरल्या बाईला लावायचा मान. ती म्हणाली, “तू विचारले असतेस तर तार मी तशीही जाऊ दिली असती. टीव्ही मी मागितला नव्हता. आता नातवंडे जेवायच्या वेळी शेजारी जाऊन बसतात, आणि शेजारीण मला ते ऐकवते.” शफीने माफी मागितली. तिने ती दिली, आणि नातवंडे शेजारीच राहिली.

विचारणाऱ्या पाचही घरांनी कार्डे घेतली; एका गल्लीत एवढी कार्डे याआधी कधी खपली नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुख पुन्हा आला. या वेळी त्याच्याजवळ कागद होता. शफीला वरिष्ठ तंत्रज्ञ करण्यात येत होते. त्याने सहा गावांतल्या तंत्रज्ञांना आपली पद्धत शिकवायची होती : एक कार्ड द्या, सात घरांना फुकट दाखवा, नव्वद दिवसांनी घरात जाऊन बसा, माफी मागा आणि काढा. माफीचे वाक्य कागदावर छापले होते. खाली सहीची जागा होती.

रविवारी दुपारी त्याने मन्मथप्पांच्या दुकानातल्या फोनवर सईदाला बोलावून घेतले. घरी ते दोघे दखनी बोलत. पण फोन मन्मथप्पांचा, आणि ते दोन हातांवर बसलेले, म्हणून त्यांच्यासमोर मराठीतच बोलण्याची तिची रीत होती.

“वरिष्ठ केलं म्हणताव. मग कागद कवा पाठवताव?”

“सही केली न्हाई अजून.”

“कावून? पेन न्हाई का तिथं?”

त्याने सगळे सांगितले.  ती म्हणाली, “पाच जणांनी घेतलं. कुणी बळजबरी केलती का?”

“न्हाई.”

“मग फसवलं कुठं?”

“तवा न्हाई फसवलं. मला म्हाईतच नव्हतं. आता म्हाईत असून लावायचं हाय. तोडायचा दिवस आधीच ठरवून.”

“काय म्हणतोय?” मन्मथप्पांनी विचारले. तिने थोडक्यात सांगितले. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. “शफी, माझा नियम सहा गावांत चालला आन् मला एक पत्र न्हाई बे?”

“अप्पा, तुमचा न्हाई चालला. तुमच्यात नव्वद दिस नव्हते.”

मन्मथप्पांनी थोडा विचार केला आणि फोन परत तिला दिला.

“आमी दोघी हितं दोन वर्सं बसलाव,” सईदा म्हणाली. “त्या बाईची नातवंडं जेवायला घरी येत न्हाईत, त्याचं तुमाला लागलं. माझी पोरगी फोनला अब्बा म्हणती. त्याचं?”

“लागतंय.”

“तुमी न्हाई शिकवलं तर दुसरा शिकवंल.”

“शिकवंल.”

“मग काय फरक पडला?”

“आपल्याला पडला. तुमी येणार न्हाईत.” तो थांबला. “तू म्हण सही कर, मी करतो.”

 मन्मथप्पांनी घड्याळाकडे पाहिले आणि तोंड फिरवून पंख्याचे पाते पुसायला घेतले.

“मी न्हाई म्हणणार,” ती शेवटी म्हणाली. “सही तुमची हाय. माझ्या नावावर टाकू नका.”

“बरं. मग न्हाई करत.”

“शाळा उघडायला आठवडा हाय. तिकडंच जायचं म्हणून मी शाईस्ताचं नाव घातलं नव्हतं. उद्या घालते.”

तिने ते घातले. मुख्याध्यापकांनी वडील कुठे असतात असे विचारले, तेव्हा तिने देशाचे नाव सांगितले. ते कधी येणार, असे विचारल्यावर म्हणाली, “पंधरा महिन्यांनी. करार तेवढा हाय.” मुख्याध्यापकांनी पालकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवले, आणि तिने सही केली.