काहील करपली त्याचं खरं कारण

दरवर्षी मी वर्गात पाणी उकळून दाखवतो. उकळत्या पाण्यात उष्णतामापक धरायचा, खाली जाळ वाढवायचा. पारा जागचा हलत नाही. वाढवलेली आच वाफ होण्यात जाते, असं सांगायचं. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सगळं पाणी आटल्यावर?" मी खेकसतो. खरं तर पोरांचा काही दोष नसतो.

आमच्या संस्थानचे महाराज गादीवर येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. हा धडा मी कॉलेजात नुकताच शिकलो होतो आणि घरीदारी दिसेल त्याला ऐकवत होतो. कळंब्याच्या वाटेवर आमचं गुऱ्हाळ होतं. एका दुपारी गूळ शिजवणारा गुळव्या जेवायला गेला. जाताना जळव्याला, म्हणजे चुलाणात चिपाडं सारणाऱ्या गड्याला, बजावून गेला की बुडबुडे बारीक झाले की जाळ बाहेर ओढ. ते झाले तसा तो जाळ ओढू लागला. मी वैतागलो. रस उकळतोय तोवर कितीही जाळ घाल, तो जास्त तापणार नाही, फक्त लवकर आटेल, हे त्याला तीनदा समजावलं.

"धाकलं मालक, करपंल की."

"शिकलाय कोण, तू का मी? टाक चिपाडं."

त्यानं टाकली. रसातलं पाणी संपत आलेलं. वाफ व्हायला काही उरलं नाही, तशी सगळी आच गुळालाच लागली. डोळ्यांदेखत काहील, रसाची ती भलीमोठी कढई, काळी पडली.

वडील धावत आले. गुळव्यानं जळव्याला फैलावर घेतलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी धुराचं निमित्त करून खोकत बाहेर गेलो. पुढं आसपासच्या एकाही गुऱ्हाळानं त्याला चुलाणापाशी उभं केलं नाही.

गेल्या वर्षी गडहिंग्लजला त्याला शोधून काढलं. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत होता. सगळं बोललो, माफी मागितली. वाटलं, शिव्या देईल. तो नुसता वैतागला.

"मला काय सांगतायसा? मी तितंच हुतो की. गुऱ्हाळावर जाऊन सांगा."

वडील नाहीत, गुळव्याही नाही. गुऱ्हाळ थोरला भाऊ बघतो. यंदा हंगाम सुरू झाला तसा गेलो, आणि सगळे गडी काहिलीभोवती असताना सांगितलं. भाऊ भडकला. इतकी वर्षं तोंड शिवलं होतंस काय, म्हणाला. नव्या जळव्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा काहिलीत, आणि कुणाला न विचारता जाळ ओढला.