हरसूलचा घाट, न थांबता

आमच्या सायकल ग्रुपमध्ये माझी ख्याती विचित्र आहे. चढावर मी सगळ्यांच्या पुढे असतो आणि उतारावर बाकीचे खाली पोहोचून माझी वाट बघतात. "चढताना एक्सप्रेस, उतरताना बैलगाडी," असं विनायकदादा म्हणतात. दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्याच कारखान्यात आहेत आणि ग्रुपही तेच सांभाळतात. यंदा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "दोनशे किलोमीटरच्या राइडला यायचं ना? आधी हरसूलचा घाट न थांबता उतरून दाखव."

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघेच उजाडताना निघालो. टायरची हवा, ब्रेकचे पॅड, सगळे नट मी आदल्या दिवशी तपासले होते. सकाळी पुन्हा तपासायला बसलो.

"चल आता, झिजतील ते!" दादा ओरडले.

त्र्यंबकचा रस्ता रुंद आहे, पण दिवस वर आला की गाड्यांची गर्दी वाढते, त्यामुळे लवकर निघालेलं बरं. दम टिकवण्यासाठी दादांचा नियम सोपा आहे: पेडल मारताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली, की वेग कमी करायचा. रोज कामावर जाता-येता मी याच नियमाने सराव केला होता, म्हणून त्र्यंबकपर्यंत पाय ताजे राहिले. तिथे मिसळ खाल्ली, बाटल्या भरल्या. पुढे पंक्चरचं दुकान मिळेलच असं नाही. जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवा.

घाटमाथ्यावर दादांनी शेवटचं समजावलं. "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरलास की बोटं सैल. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्याच्यावर. आणि जिथे जायचंय तिथेच बघ. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यात जाशील."

"आणि समोरून जीप आली तर?"

"तर जीपकडे नको बघूस!"

दादा पुढे गेले. मी मागून निघालो. पहिली वळणं जमली. नंतर एका वळणाच्या तोंडाशी अर्ध्या रस्त्यावर नागली वाळत घातलेली दिसली. धान्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडले होते. मी वळणाआधी ब्रेक दाबला, पण नजर दगडांवर गेली आणि सायकलही तिकडेच झुकू लागली. पाय टेकवावा असं फार वाटलं. राखण करत बसलेल्या मावशी उठून हात हलवू लागल्या.

"ये रं, ये! खालून गाडी नाय!"

मी नजर ओढून पलीकडच्या मोकळ्या डांबरावर नेली. बोटं सैल सोडली. सायकल आपोआप वळली. दगड कडेने मागे गेले, आणि त्यापुढचं वळण मी चक्क हसत घेतलं.

खाली दादा हेल्मेट काढत होते. "एवढ्यात आलास? अजून चहासुद्धा सांगितला नाही मी." मग चहा पिताना म्हणाले, "दोनशेला तुझं नाव पक्कं. उतारावर नव्या लोकांच्या पुढे तू राहा. तुझं बघून वळतील."

हरसूलला आठवडे बाजार भरला होता. आम्ही गरम भजी खाल्ली आणि तोच घाट चढून परत आलो. चढावर मी नेहमीसारखा पुढे होतो, पण आज त्याचं काही वाटलं नाही.

घरी आईने ताट वाढलं. एरवी घाटातून आलो की ब्रेक आवळून माझी बोटं इतकी आखडलेली असतात, की भाकरी तीच मोडून देते. आजही तिने हात पुढे केला, पण मी आधीच मोडून घेतली होती.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. "का रे, आज घाटात गेला नाहीस?"

"गेलो होतो, आई," मी म्हणालो.